प्लेसमेंट क्लासचा रिव्ह्यू : मॉक इंटरव्ह्यूला पाच स्टार, बाकीच्याला लांबूनच नमस्कार

नाव घेत नाही. पुण्यात कर्वे रोड, डेक्कन, वाकड, हडपसर कुठंही मान वर करून बघा, 'जावा फुलस्टॅक, हंड्रेड परसेंट प्लेसमेंट' असा बोर्ड दिसतोच, त्यातल्याच एकाचा हा रिव्ह्यू आहे आणि खरं सांगायचं तर यातलं निम्मं बाकीच्या क्लासेसनापण जसंच्या तसं लागू पडेल. मी २०२४ पासआऊट, कॉम्प्युटर इंजिनिअरिंग, मूळचा लातूरकडचा, कॉलेज पुण्याच्या हद्दीच्या जरा बाहेर. कॅम्पसला ज्या कंपन्या आल्या त्यात एक इन्शुरन्स विकायला पोरं गोळा करणारी आणि एक बीपीओ, बाकी सगळा आनंदीआनंद. त्यामुळे आमच्या बॅचची अर्धी पोरं जून-जुलैमध्ये कॉट बेसिसवर पुण्यात राहायला आली आणि कुठला ना कुठला क्लास लावून बसली. मीपण लावला. डोळे उघडे ठेवून लावला, कारण मला प्लेसमेंट नको होती, मला इंटरव्ह्यूमध्ये तोंड उघडायची प्रॅक्टिस पाहिजे होती आणि त्या क्लासला मॉक इंटरव्ह्यू, म्हणजे सरावाचे लुटुपुटीचे इंटरव्ह्यू, चांगले घेतात असं एका सिनिअरनं सांगितलं होतं. तर त्याच चष्म्यातून हा रिव्ह्यू वाचा.

आधी पैसे. फी ३५ हजार, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ४१,३००. हा जीएसटी फोनवर कुणीच सांगत नाही, तो पावती फाडताना उगवतो. कौन्सेलर मॅडम फार गोड बोलतात, चहा येतो, मग एक फाइल येते ज्यात सिलेक्ट झालेल्या पोरांचे फोटो आणि खाली पॅकेज, सहा लाख, साडेआठ लाख, एक तर बारा लाखवाला पण होता, आणि मग येतं ते 'आज ॲडमिशन कन्फर्म केलं तर पाच हजार डिस्काउंट'. आज म्हणजे रोजच बरं का. माझ्या रूम पार्टनरला हेच 'आज' पुढच्या महिन्यातपण मिळालं होतं. पैसे एकदम नसतील तर 'नो कॉस्ट ईएमआय' म्हणून एक फॉर्म पुढे सरकवतात. तो फॉर्म नीट वाचा, वडिलांना पण वाचायला लावा, कारण तो क्लासचा हप्ता नसतो, ते फायनान्स कंपनीचं कर्ज असतं, पोरगा कमवत नाही म्हणून बहुतेक वेळा वडिलांच्या नावावर. क्लासला पूर्ण पैसे पहिल्याच महिन्यात मिळून जातात. तुम्ही दोन आठवड्यांनी कंटाळून क्लास सोडला तरी हप्ता बँकेतून ऑटो डेबिट होत राहणार, आणि बाउन्स झाला की सिबिल वडिलांचा खराब. आमच्या बॅचमधल्या एकाच्या वडिलांचं ट्रॅक्टरचं लोन या भानगडीत लटकलं होतं. मी रोख नाही पण दोन टप्प्यांत यूपीआयनं भरले आणि दोन्ही वेळा जीएसटी नंबर असलेली पावती मागून घेतली. पावती मागितल्यावर समोरच्याचा चेहरा कसा होतो त्यावरून पण बरंच कळतं.

'हंड्रेड परसेंट' बोर्डावर आणि कागदावर वेगळंच. कागदावर असं होतं की हजेरी ९० टक्के पाहिजे, सगळ्या असाइनमेंट वेळेत पाहिजेत, इंटरनल टेस्टला ठराविक मार्क पाहिजेत, आणि मग ते तीन इंटरव्ह्यूच्या संधी देणार. तीन झाल्या की विषय संपला. त्या तीनमध्ये काय काय मोजतात ते विचारा, येरवड्याला रात्रपाळीच्या कस्टमर सपोर्टचा कॉल आला आणि तुम्ही गेला नाहीत तरी एक संधी गेली. आता हे असलं 'शंभर टक्के नोकरीची हमी' जाहिरातीत छापायला मुळात बंदी आहे, सेंट्रल कन्झ्युमर प्रोटेक्शन ऑथॉरिटीनं नोव्हेंबर २०२४ मध्ये कोचिंग क्लासच्या जाहिरातींसाठी नियम काढलेत, त्यात शंभर टक्के सिलेक्शन, शंभर टक्के जॉब गॅरंटी असले दावे चालणार नाहीत असं स्पष्ट आहे, आणि ज्या पोराचा फोटो लावायचा त्याची लेखी परवानगी सिलेक्शन झाल्यानंतर घ्यायची असंही आहे. मी हे कौन्सेलर मॅडमना सांगितलं तर त्या म्हणाल्या, 'सर ते यूपीएससी-नीटवाल्यांसाठी आहे.' तसं काही नाहीये. पण बोर्ड अजून तिथंच आहे.

आता शिकवण्याचं बोलू. जावाचे सर चांगले होते, म्हणजे माणूस खरंच कंपनीत काम केलेला, कोड लिहिताना चुका करून दाखवायचा आणि मग त्या कशा शोधायच्या ते दाखवायचा, हे कॉलेजात कुणी केलं नव्हतं. पण बॅच केवढी, साठ-सत्तर पोरं एका हॉलमध्ये, मागच्या तीन ओळींना प्रोजेक्टरवरचं काही दिसत नाही, एसी दोन त्यातला एक शोभेचा. आणि सर मध्येच सोडून गेले. त्यांच्या जागी जे आले ते मागच्याच बॅचचे पासआऊट, वयानं आमच्याएवढेच, नोकरी लागली नाही म्हणून क्लासनेच ठेवून घेतलेले (आणि हे बहुतेक त्या हंड्रेड परसेंटमध्ये मोजलेले असणार, माझा आपला अंदाज). बिचारे मनापासून शिकवायचे पण स्प्रिंग बूटचा (जावातली वेब ॲप बनवायची चौकट) एरर आला की ते आणि आम्ही मिळून यूट्यूब बघायचो. मग मी घरीच बघितलं असतं की.

डेटाबेसचा भाग मात्र कामाचा होता, कारण तिथं सरळ इंटरव्ह्यूचेच प्रश्न घोटून घेतले. डिलीट, ट्रंकेट आणि ड्रॉपमधला फरक, लेफ्ट जॉइन कधी आणि इनर जॉइन कधी, ग्रुप बाय लावल्यावर व्हेअर चालत नाही तिथं हॅविंग का लागतं, आणि तो अजरामर प्रश्न, दुसरा सगळ्यात जास्त पगार काढून दाखव. हा प्रश्न मला प्रत्येक इंटरव्ह्यूत विचारला गेलाय, अतिशयोक्ती करत नाही. उत्तर सगळ्यांना पाठ असतं, सगळ्यात मोठ्या पगारापेक्षा लहान असलेल्यातला सगळ्यात मोठा पगार काढायचा, झालं. पण पुढचा प्रश्न येतो की दोघांचा पगार सारखाच पहिल्या नंबरचा असेल तर तुझी क्वेरी काय देईल, आणि मग तिसरा काढ, आणि मग प्रत्येक डिपार्टमेंटमधला दुसरा काढ, तिथं पाठांतरवाले गळतात. क्लासनं इथपर्यंत नेलं याचे मार्क द्यायलाच पाहिजेत.

ॲप्टिट्यूड ठीक. काम आणि वेळ, होडी आणि प्रवाह, ट्रेन प्लॅटफॉर्म ओलांडते, शाळेत स्कॉलरशिपला केलेलंच सगळं. फुकटात यूट्यूबवर ढिगानं आहे. यासाठी पैसे देऊ नका.

रिझ्युमे बनवून देतात त्याला मी निगेटिव्ह मार्क देईन. सगळ्यांना एकच टेम्प्लेट, दोन कॉलम, डाव्या बाजूला निळी पट्टी, त्यात फोटो, जावाला पाचपैकी चार गोळे भरलेले आणि इंग्लिशला तीन. हे गोळे कोण मोजणार आहे? मोठ्या कंपन्यांकडं आधी सॉफ्टवेअर तो रिझ्युमे वाचतं, त्याला दोन कॉलम आणि डब्यातला मजकूर बऱ्याचदा नीट उचलता येत नाही, फोन नंबर एकीकडं आणि स्किल्स दुसरीकडं होऊन बसतात. साधा एका कॉलमचा, एका पानाचा, काळ्या अक्षरांचा ठेवा. वडिलांचं नाव, जन्मतारीख, 'आय हिअरबाय डिक्लेअर' आणि खाली ठिकाण-दिनांक हे तहसील ऑफिसला द्यायचं असतं, कंपनीला नाही. आणि सगळ्यात भारी म्हणजे प्रोजेक्ट. अख्ख्या बॅचच्या रिझ्युमेवर तेच 'ई-कॉमर्स वेब ॲप्लिकेशन', तेच चार बुलेट पॉइंट, एका स्पेलिंग मिस्टेकसकट. एका कंपनीत आमच्या क्लासची पाच पोरं एकाच दिवशी होती, इंटरव्ह्यूवाल्यानं तिसऱ्यापासून प्रोजेक्ट विचारणंच बंद केलं म्हणे.

आता ज्याच्यासाठी हा रिव्ह्यू लिहायला बसलोय ते. मॉक इंटरव्ह्यू.

शनिवारी एक मॅडम यायच्या. पन्नाशीच्या पुढच्या, एका मोठ्या आयटी कंपनीत बरीच वर्षं डिलिव्हरीत काढलेल्या, शेकड्यांनी फ्रेशर घेतलेल्या. कॉटनची साडी, हातात साधं घड्याळ, बोलणं एकदम शांत. क्लासच्या मागच्या बाजूला स्टोअर रूमसारखी एक केबिन होती तिथं बसायच्या, एका पोराला अर्धा तास, आणि दारावर नाव लिहायचा कागद. बाकीच्या आठवड्याला पोरं दांड्या मारायची पण शनिवारच्या कागदावर सकाळी साडेआठलाच नावं भरलेली असायची.

मी गेलो तेव्हा 'टेल मी अबाऊट युवरसेल्फ' मी पाठच करून गेलो होतो, आय ॲम अ हार्डवर्किंग अँड सिन्सिअर वगैरे. मॅडमनी पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, 'हे सगळं तुझ्या शेजारच्या पोरानं पण सांगितलं. तो पण हार्डवर्किंग आहे. मी दोघांतला कोण घेऊ?' मग त्यांनी रिझ्युमे उलटा ठेवला आणि माझ्या बीईच्या प्रोजेक्टवर आल्या. आमचं कॉलेज बसचं ट्रॅकिंग ॲप होतं, ड्रायव्हरच्या फोनवरून लोकेशन जातं आणि पोरांना मॅपवर बस दिसते. त्या म्हणाल्या, 'बस कात्रजच्या बोगद्यात शिरली. आता तुझ्या ॲपवर काय दिसतं?' मी म्हटलं, शेवटचं लोकेशन दिसतं. 'किती वेळ?' सिग्नल परत येईपर्यंत. 'म्हणजे बोगद्यात बस बंद पडली तर बाहेर उभ्या पोराला काय कळेल?' मी गप्प. मग म्हणाल्या, 'शेवटचं लोकेशन किती मिनिटांपूर्वीचं आहे हे दाखवलं असतंस तर?' आणि मग जे सांगितलं ते मला आख्ख्या कोर्सपेक्षा उपयोगी पडलं, की प्रोजेक्ट किती भारी आहे हे सांगायला जाऊ नको, तो कुठं मोडतो हे तुला ठाऊक आहे एवढं दाखव, मग समोरचा माणूस खुर्चीत पुढं सरकून बसतो. त्या रात्री मी आणि माझा प्रोजेक्ट पार्टनर व्हिडिओ कॉलवर आमचं ॲप किती ठिकाणी मोडतं याची यादी करत बसलो. दोन फोन एकाच वेळी एका बसचं लोकेशन पाठवायला लागले तर? ड्रायव्हरनं फोन घरी विसरला तर? नेट गेलं आणि दहा मिनिटांचा डेटा एकदम आला तर? यातला शेवटचा प्रश्न मला पुढं खऱ्या इंटरव्ह्यूत जवळजवळ तसाच आला, रांगेतले मेसेज उलटसुलट आले तर काय करशील, आणि मला टाइमस्टॅम्पचं (प्रत्येक मेसेजवर तो निघाल्याची वेळ टाकायची) उत्तर बसल्या जागी देता आलं.

दुसरी एक गोष्ट. आमच्यात औशाकडची एक मुलगी होती, बारावीपर्यंत मराठी मीडियम, डोकं एकदम तल्लख पण इंग्लिशमध्ये विचारलं की घशात आवंढा. बाकीचे ट्रेनर तिला 'कम्युनिकेशनवर काम कर' एवढंच सांगायचे, म्हणजे काय करू हे कुणी सांगेना. मॅडम तिला म्हणाल्या, 'आधी मराठीत सांग, मला तुझं डोकं बघू दे.' तिनं जावातला ओव्हरलोडिंग आणि ओव्हररायडिंगमधला फरक मराठीत असा काही सांगितला की बाहेर दाराशी उभं राहून मलापण पहिल्यांदा नीट कळला. मग मॅडम म्हणाल्या आता हेच इंग्लिशमध्ये, छोटी छोटी वाक्यं, एका वाक्यात एकच गोष्ट, अडलीस तर थांब, सॉरी म्हणू नको, 'लेट मी से इट अगेन' म्हण. दर शनिवारी हेच. ती आता खराडीला टेस्टिंगमध्ये आहे आणि तिच्या टीमकडून क्लाएंटच्या कॉलवर तीच बोलते.

पगार किती पाहिजे, नाइट शिफ्ट चालेल का, बाँड भरशील का, असले एचआरचे प्रश्न पण मॅडम सरळ घ्यायच्या. गॅप असेल तर लपवायचा नाही, वायडी (इयर डाउन, नापास होऊन गेलेलं वर्ष) असेल तर कुठल्या विषयात लागला आणि नंतर काय केलं हे दोन वाक्यात सांगून पुढं जायचं, घरच्या अडचणीचा पाढा वाचायचा नाही. बाँडबद्दल एवढंच की सही करायच्या आधी रक्कम, मुदत आणि ट्रेनिंगमध्ये कंपनीनंच काढलं तर काय, हे तीन कलम वाच, आणि ओरिजिनल मार्कशीट कुणी ठेवून घ्यायला मागत असेल तर तिथून उठ. आणि शेवटी 'तुला काही विचारायचंय का' म्हटल्यावर 'नो सर' म्हणायचं नाही, पहिल्या सहा महिन्यांत मी नेमकं कुठल्या कामावर असेन हे विचारायचं. हे विचारलं की कंपनीला स्वतःला तरी ठाऊक आहे का ते पण कळतं.

मॉकला पाच स्टार. सहा असते तर सहा.

आता प्लेसमेंट सेल. सेल म्हणजे एक व्हॉट्सॲप ग्रुप आणि एक गूगल फॉर्म. त्या ग्रुपवर ज्या लिंक यायच्या त्या टेलिग्रामच्या जॉब चॅनेलवर आदल्या दिवशीच येऊन गेलेल्या असायच्या, फक्त वर क्लासचा लोगो. 'एक्स्क्लुझिव्ह ड्राइव्ह' म्हणून जिथं गेलो तिथं बाहेर रस्त्यावर वळण घेऊन लाइन, आतल्या सिक्युरिटीला क्लासचं नावपण माहीत नाही. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यातल्या एका वॉक-इनच्या लाइनचा व्हिडिओ सगळीकडं फिरला होता बघा, हजारो पोरं हातात फाइल घेऊन उभी, आम्ही तो बघून हसलो पण नाही, आमच्यासाठी तो रोजचाच सीन. आणि बोर्डावर सहा लाख 'ॲव्हरेज' लिहिलंय त्याचं काय म्हणाल तर बाजारभाव बघा ना, टीसीएसचं फ्रेशरसाठीचं निन्जा प्रोफाइल ३.३६ लाख, इन्फोसिसचं सिस्टीम इंजिनिअर ३.६ लाख, म्हणजे पीएफ वगैरे जाऊन महिन्याला हातात बावीस-पंचवीस हजार, आणि हे आकडे दहा-बारा वर्षांत फारसे हललेलेच नाहीत. कॉग्निझंटच्या २.५२ लाखाच्या ऑफरवरून २०२४ च्या ऑगस्टमध्ये केवढा गदारोळ झाला, कंपनीनं म्हटलं की ते इंजिनिअर नसलेल्या तीन वर्षांच्या डिग्रीवाल्यांसाठी आहे, इंजिनिअरना चार लाखाच्या पुढं देतो. तर अशा बाजारात साठ-सत्तर पोरांच्या बॅचचं ॲव्हरेज सहा लाख कुठून येतं हे क्लासवाल्यांना एकदा कागद-पेन देऊन विचारायला पाहिजे.

आणि एक जागा अशी की तिथं मी स्टारच देणार नाही. कोर्स संपत आल्यावर ज्यांचं कुठं होत नव्हतं त्यांना एकेकट्याला केबिनमध्ये बोलवून सांगायचे की फ्रेशरला मार्केट नाहीये, दोन वर्षांचा एक्स्पिरियन्स लावून देतो, ऑफर लेटर, पेस्लिप, रिलीव्हिंग लेटर सगळं, वरचे अमुक पैसे. ही गोष्ट पुण्यात उघड गुपित आहे. करू नका. नैतिक-अनैतिक जाऊ द्या, साधं व्यवहाराचं बोलतो. नोकरीला लागल्यावर पीएफचा यूएएन नंबर निघतो, पुढची कंपनी बॅकग्राऊंड व्हेरिफिकेशनमध्ये ईपीएफओवरची (पीएफ ऑफिसकडची) सर्व्हिस हिस्ट्री बघते, तिथं त्या दोन वर्षांची एकपण एंट्री नसते, आणि काही ठिकाणी असल्या बोगस कंपन्यांची काळी यादीच ठेवलेली असते. हे जॉइन झाल्यावर वर्षानं पण निघू शकतं आणि मग त्याच दिवशी लॅपटॉप जमा करून गेटबाहेर. त्यात इंटरव्ह्यूत दोन वर्षांचं प्रॉडक्शन सपोर्टचं काय सांगणार, रात्री दोनला सर्व्हर पडला तेव्हा तू काय केलंस असं विचारलं की खोटं तिथंच उघडं पडतं.

माझं काम झालं ते क्लासमुळं नाही. कॉलेजच्या एका सिनिअरनं बाणेरच्या एका छोट्या कंपनीत रेफर केलं, तीन राउंड झाले, तिसऱ्यात मॅडमची शिकवणी कामाला आली. क्लासला मी फक्त पेढे द्यायला म्हणून सांगितलं तर पंधरा दिवसांत बाहेरच्या फ्लेक्सवर माझा दहावीच्या हॉल तिकिटासारखा फोटो, खाली पॅकेज दीड लाखानं वाढवलेलं. आईला कुणीतरी तो फोटो पाठवला आणि गावात सगळ्यांना वाटलं मी खरा पगार सांगत नाही! फोन केला तर 'सर प्राउड मोमेंट आहे तुमचा'. वर सांगितलेला लेखी परवानगीचा नियम मेलवर टाकला आणि नॅशनल कन्झ्युमर हेल्पलाइनचा १९१५ नंबर पण खाली लिहिला, तेव्हा फ्लेक्सवर माझ्या तोंडावर दुसऱ्याचा फोटो चिकटवला. पॅकेज तेच ठेवलं.

मग पैसे कुठं घालायचे असं बरेच जण विचारतात. ज्याची खरंच वर्ष-सहा महिने मान मोडून अभ्यास करायची तयारी आहे त्यानं सीडॅक या केंद्र सरकारच्या संस्थेचा डॅक हा सॉफ्टवेअरचा डिप्लोमा बघावा. सी-कॅट नावाची एंट्रन्स असते, वर्षात दोन बॅच, सहा महिने सकाळपासून रात्रीपर्यंत, फी ९० हजार प्लस जीएसटी म्हणजे आमच्या क्लासच्या दुपटीच्या वर, पण तिथं आधी तुमची परीक्षा घेऊन मग आत घेतात आणि कॅम्पसला कंपन्या खरोखर येतात. तिथंपण गॅरंटी कुणी देत नाही, हे मला उलट बरं वाटतं. ज्याच्याकडं पैसेच नाहीत त्याला आयआयटी बॉम्बेचं स्पोकन ट्युटोरियल आहे, फुकट, बरंचसं मराठीत पण, आवाज जरा सरकारी वाटेल पण लिनक्स, पायथन, जावाचा पाया पक्का होतो. एनपीटीईएलचे (आयआयटीवाल्यांचे ऑनलाइन) कोर्स बघायला फुकट, सर्टिफिकेट पाहिजे तरच परीक्षेची फी. इन्फोसिस स्प्रिंगबोर्ड पण फुकट. एसक्यूएलच्या (डेटाबेसची भाषा) प्रॅक्टिसला हॅकररँकची साइट पुरते.

घरून पैसे यायचे बंद झाले असतील तर नुसतं बसून राहण्यापेक्षा ॲप्रेंटिसशिप धरा. नॅट्स या केंद्राच्या ॲप्रेंटिसशिप योजनेच्या पोर्टलवर डिग्री-डिप्लोमावाल्यांना रजिस्टर करता येतं, एक वर्ष, स्टायपेंड मिळतो आणि त्यातला काही वाटा सरकार उचलतं म्हणून कंपन्या पण घेतात. राज्याची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आहे, २०२४ ला आली, ग्रॅज्युएटला महिना १० हजार, आयटीआय-डिप्लोमाला ८, बारावीला ६, आधी सहा महिने होती मग अकरा केली. माझा चुलतभाऊ त्यातून पंचायत समितीत होता, काम म्हणजे एक्सेल भरणं आणि साहेबांचे प्रिंट काढणं, पण इंटरव्ह्यूत त्यानं तीच एक्सेलची भानगड, डबल झालेली नावं कशी शोधली वगैरे, अशी रंगवून सांगितली की एका लॉजिस्टिक्सवाल्यानं घेतला. खोटं काही सांगितलं नाही, जे केलं तेच नीट मांडलं. पीएम इंटर्नशिप पण आहे, २०२४ ला आली तेव्हा महिना ५ हजार आणि सुरुवातीला एकदा ६ हजार होते, पण वयाची अट आहे, आधी बघून घ्या.

तर हिशेब असा : जावा अडीच स्टार (पहिले सर राहिले असते तर चार), डेटाबेस चार, ॲप्टिट्यूड दोन, रिझ्युमे एक, प्लेसमेंट सेल अर्धा आणि तो पण ग्रुप ॲडमिन पोरगा सज्जन होता म्हणून, मॉक पाच. वॉशरूमबद्दल न बोललेलं बरं. खालचा टपरीवाला क्लासपेक्षा जास्त वॅल्यू फॉर मनी, सकाळी पोहे गरम असतात, आणि कुठल्या कंपनीत खरंच भरती चालू आहे याची बातमी ग्रुपच्या आधी त्याच्याकडं येते.

जायचंच असेल तर पूर्ण कोर्स घेऊ नका. फक्त शनिवारचे मॉक वेगळे मिळतात, एका मॉकचे पाचशे रुपये, पण कौन्सेलर 'असं काही नाहीये' म्हणून सांगणार कारण त्यावर त्यांना इन्सेंटिव्ह नाही. त्यांच्याशी वाद घालू नका, शनिवारी सकाळी आठला सरळ मागच्या केबिनपाशी जा, मॅडमना भेटा, त्या स्वतः कागदावर नाव लिहायला सांगतात. रिझ्युमेच्या दोन प्रिंट न्या, त्या एकावर लाल पेननं लिहून परत देतात. आणि दिवाळीच्या आसपास जाऊ नका, तेव्हा त्या लेकीकडं बंगलोरला असतात आणि त्यांच्या जागी जे सर बसतात ते मॉकमध्ये स्वतःचीच स्टोरी सांगतात.